तीन आठवड्यांची रजा आणि परदेशातलं सेवाकार्य: कार्यक्रम कसा पारखावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला ताडून बघता येईल. तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात, अकाउंट्समध्ये नोकरी करता आणि तुम्हाला सलग तीन आठवड्यांची रजा मिळणार आहे. नुसतं हिंडण्यापेक्षा परदेशातल्या एखाद्या गावात राहावं, तिथल्या माणसांचं जगणं जवळून बघावं आणि सोबत काही समाजोपयोगी कामही करावं, असं तुमच्या मनात आहे. एका कंपनीने तुम्हाला कंबोडियाचं पॅकेज देऊ केलंय: दोन आठवडे अनाथाश्रमात इंग्रजी शिकवायचं आणि शेवटी अंगकोरची सहल. ही कंपनी विश्वासार्ह आहे का आणि इतक्या थोड्या दिवसांत कुणाला खरंच काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही उत्तरं लगेच देते, कारणं पुढे सविस्तर. त्या पॅकेजला जाऊ नका. कंपनी प्रामाणिक असली तरी जाऊ नका. आणि थोड्या दिवसांत उपयोग होतो का, तर होतो, पण तो जवळजवळ सगळा कामाच्या निवडीवर ठरतो. तुमची तळमळ, मेहनत, चांगुलपणा या गोष्टी त्यानंतर येतात.

मी बरीच वर्षं परदेशी स्वयंसेवकांच्या श्रमशिबिरांची समन्वयक म्हणून काम करते आहे. सुरुवातीला बाहेर जाणाऱ्या तुकड्यांची तयारी करून घ्यायचे, नंतर यजमान संस्थेच्या बाजूला राहून आलेल्यांना कामं वाटून द्यायला लागले. त्या दुसऱ्या बाजूला राहिल्यावर एक गोष्ट रोज दिसते. येणाऱ्याच्या मनात ‘मी काय देऊ शकतो’ हा प्रश्न असतो, आणि गावातल्या माणसाच्या मनात असतो ‘हे लोक गेल्यावर यातलं काय उरेल’. कंपनी विश्वासार्ह आहे का हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण चुकीचं कामही अगदी नेटकेपणाने, वेळेवर आणि पावत्या देऊन करता येतं. म्हणून मी प्रश्न असा बदलेन: तीन आठवड्यांनी निघून जाणारा माणूस ज्याला चालतो, असं काम कोणतं?

अनाथाश्रमाचं काम त्यात बसत नाही. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात निवासी बालगृहांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षांत तिथलं पर्यटन जोरात वाढत होतं, आणि अनाथ मुलांची संख्या एकाएकी वाढावी असं दुसरं काही घडलेलं नव्हतं. 2011 च्या सुमारास तिथल्या सरकारने युनिसेफसोबत पाहणी केली, तेव्हा अशा संस्थांमधल्या साधारण चारपैकी तीन मुलांची आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. मग ही मुलं तिथे येतात कशी? गरीब कुटुंबाला सांगितलं जातं की मुलाला शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल. आईबाप विश्वासाने पाठवतात. पाहुणे येतात, फी भरतात, देणग्या देतात. पाहुणे येत राहायचे असतील तर मुलं असावी लागतात, आणि ती गरीब दिसावी लागतात. सगळ्या संस्था अशा नसतात, पण बाहेरून दोन आठवड्यांसाठी आलेल्या माणसाला चांगली आणि वाईट संस्था ओळखता येत नाही, आणि त्याची फी मात्र या चक्राला बळ देते. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना मुलांना अशा प्रकारे संस्थांत आणण्याची दखल घेतली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला.

समजा संस्था अगदी सचोटीची आहे. तरी मुलाच्या बाजूने विचार करा. दर पंधरवड्याला एक नवीन ताई किंवा दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. कुणीही दारात आलं की धावत येऊन मिठी मारणारं मूल पाहुण्याला गोड वाटतं. बालविकास जाणणारी माणसं ते बघून काळजीत पडतात, कारण ज्याला कायमचं हक्काचं माणूस आहे असं मूल अनोळखी माणसाशी तसं वागत नाही. आणि शिकवण्याचं म्हणाल तर मी वर्गांमध्ये बसून बघितलं आहे. प्रत्येक नवा शिक्षक रंगांची आणि प्राण्यांची नावं, एक गाणं आणि ‘तुझं नाव काय’ इथूनच सुरू करतो, कारण आधीच्याने काय शिकवलं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मुलं तोच पहिला धडा वर्षभर शिकत राहतात. मुलांसोबत काम करण्याची फारच ओढ असेल तर एकच प्रकार मला मान्य आहे. गावच्या शाळेत तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली, तो सांगेल तेवढंच, आणि शक्यतो मुलांऐवजी त्या शिक्षकालाच संभाषणाचा सराव देणं. तो शिक्षक पुढची वीस वर्षं तिथे असतो. अशा ठिकाणी संस्थेने तुमच्याकडे पोलिस क्लिअरन्स मागितला नाही, तर तेवढ्यावरूनच परत फिरा.

प्राण्यांच्या बाबतीतही हाच धोका आहे, म्हणून ओझरतं सांगते. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजण्याचे स्वयंसेवी कार्यक्रम खूप काळ चालले. पिल्लं आईपासून काही दिवसांतच वेगळी केली जात, ‘अनाथ’ म्हणून दाखवली जात, आणि माणसाळलेला सिंह जंगलात सोडता येत नसल्यामुळे पुढे त्यातले अनेक कुंपणात कोंडून केल्या जाणाऱ्या शिकारीसाठी विकले जात. ज्या ठिकाणी मूल किंवा पिल्लू हातात घेऊ देण्याचे पैसे घेतले जातात, ते ठिकाण सोडून द्या.

आता चांगली उदाहरणं, कारण ती खूप आहेत आणि त्यांच्यातलं साम्य बघितलं की निवड सोपी होते. जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपानंतर वर्षभरात दहा लाखांहून अधिक लोक मदतीला आले. एवढी माणसं, बहुतेकांना कसलाच अनुभव नाही, कुणी एका दिवसासाठी आलेला तर कुणी आठवड्यासाठी. तिथून पुढे ही मदत सामावून घेण्याची एक पद्धत तिथे रुजली. आपत्ती आली की स्थानिक समाजकल्याण परिषद स्वयंसेवक केंद्र उघडते. घरमालक तिथे आपली गरज कळवतो, म्हणजे घरातला चिखल काढायचाय, ओलं सामान बाहेर न्यायचंय. सकाळी आलेल्या स्वयंसेवकांचे गट पाडले जातात, प्रत्येक गटाला एक घर आणि एक काम मिळतं, संध्याकाळी परत येऊन काय झालं, काय राहिलं ते सांगायचं. विमा काढलेला असतो, आणि जेवणपाणी व राहण्याची सोय स्वयंसेवकाने स्वतःची स्वतः करायची असते, म्हणजे संकटात सापडलेल्या गावावर त्याचा भार पडत नाही. एका दिवसासाठी आलेला माणूसही इथे उपयोगी पडतो, कारण कामाचे तुकडे करणारी, गरज गोळा करणारी आणि उद्याही तिथेच असणारी माणसं स्थानिक आहेत.

दुसरं उदाहरण कोस्टारिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्याचं. तिथे समुद्री कासवांच्या नोंदी 1950 च्या दशकापासून घेतल्या जात आहेत. रात्री किनाऱ्यावरून कित्येक किलोमीटर चालायचं, अंडी घालायला आलेल्या मादीच्या कवचाची लांबी मोजायची, घरटं कुठे आहे ते टिपायचं, पांढरा दिवा अजिबात वापरायचा नाही, लाल उजेडात काम करायचं. हे काम एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर प्रशिक्षित माणसासोबत कुणालाही जमतं, त्याला खूप हात लागतात, आणि तुमच्या तीन आठवड्यांच्या नोंदी अनेक दशकांच्या वहीत जाऊन बसतात. तुम्ही कोण होतात हे कुणाला आठवलं नाही तरी त्या नोंदीचं मोल कमी होत नाही.

माझ्या अनुभवातलंही एक सांगते. डोंगरउतारावरच्या एका गावात पाण्याचा जुना पाट आहे. दरवर्षी पावसानंतर तो गाळाने भरतो आणि काही ठिकाणी कड ढासळते. गावाची पाणीवाटपाची समिती आहे, कुठल्या घराने किती लांबी साफ करायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तरुण मंडळी शहरात गेल्यामुळे काही भाग मागे राहायला लागला, आणि समितीने आम्हाला बोलावलं. आम्ही तुकडी पाठवतो ती त्यांच्या साफसफाईच्या आठवड्यातच, आधीही नाही आणि नंतरही नाही. दगड वाहणं, गाळ उपसणं, माल कालवणं ही कामं आमची. कड बांधायची ती गावच्या गवंड्याने, आणि त्याची व त्याच्या दोन मजुरांची पूर्ण मजुरी स्वयंसेवकांच्या फीमधून दिली जाते. हा नियम मी कुठेही सोडत नाही. ज्या कामाची गावात कुणाला मजुरी मिळू शकते ते काम फुकटात करून टाकणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं आहे, आणि शिवाय नवख्याने बांधलेली भिंत पुन्हा पाडून बांधावी लागते. बांधकामाच्या शिबिराची चौकशी करताना ‘गवंडी कोण आहे आणि त्याला पैसे कोण देतं’ एवढा एक प्रश्न विचारा. ज्याला उत्तर माहीत असतं तो क्षणात सांगतो.

तर साम्य असं: काम तुमच्या आधीपासून चालू होतं, तुमच्या नंतरही चालू राहणार आहे, ते कसं करायचं हे तिथली माणसं ठरवतात, आणि त्यात एका टप्प्यावर जास्तीचे हात लागतात. या चारही गोष्टी जुळल्या तर तीन आठवडे पुष्कळ झाले. यातली एक जरी नसली तरी मी जपून पाऊल टाकेन, आणि तिसरी नसेल तर जाणारच नाही.

तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, त्यामुळे एक वेगळी शक्यता तुमच्यासमोर आहे, आणि इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. छोट्या सहकारी संस्था, विणकरांचे गट, मधउत्पादकांच्या संघटना यांना हिशेबाची मदत हवी असते. पण तीन आठवडे जाऊन नवी कोरी पद्धत बसवून येणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तुम्ही संगणकावर सुंदर तक्ता बनवाल, तो तुम्हालाच कळेल, आणि तुम्ही परतल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यात नोंदी होणं थांबेल. माझा सल्ला असा असतो की आधी दोन महिने घरूनच त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला. त्यांची चालू वही कशी आहे ते फोटो मागवून बघा. तिच्यातच काय सुधारता येईल ते त्यांच्या हिशेबनीसासोबत ठरवा. मग प्रत्यक्ष जा, शेजारी बसून एक महिनाअखेर एकत्र बंद करा, आणि परतल्यावर पुढचे सहा महिने महिनाअखेरीला एक तास द्या. तिथली भाषा येत नसेल तर दुभाष्याची सोय हवी, आणि त्याचं मानधन आधीच धरलेलं हवं. संस्था इतक्या लांबच्या बांधिलकीला तयार नसेल, किंवा तुम्ही नसाल, तर हिशेबाच्या वाटेला न जाता दगड वाहायला जा. त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही कामांत पुढे राहतं ते तिथलं माणूस.

वैद्यकीय शिक्षण घेणारे किंवा त्या क्षेत्राकडे वळू पाहणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच वाक्य: जे काम करायला तुमच्या स्वतःच्या देशात तुम्हाला परवानगी नाही, ते दुसऱ्या देशातल्या रुग्णावर करायची परवानगी कुणीही देऊ केली तरी घेऊ नका.

आता संस्कृतीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तो आहे आणि कार्यक्रमांमध्ये त्याचीच सगळ्यात आबाळ होते. दिवसभर काम आणि शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांसमोर नाच, याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटलं जातं. माझ्या मते शिकणं आणि सेवा हे दोन वेगळे तास नाहीत. शिकण्याची उत्तम जागा म्हणजे लोक एकमेकांसाठी राबतात ती वेळ. रवांडामध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ असतो. 18 ते 65 वयोगटातले धडधाकट लोक तीनेक तास रस्ते, गटारं, झाडं, शेजाऱ्याचं घर अशी सामूहिक कामं करतात, आणि मग तिथेच बसून वस्तीच्या प्रश्नांवर बोलतात. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यात हात लावता येतो. त्या सकाळी फावडं घेऊन उभं राहिलात, आणि मुख्य म्हणजे नंतरच्या बैठकीत शेवटपर्यंत शांत बसलात, तर कोण आधी बोलतं, कोण कुणाचं ऐकतं, भांडण कसं मिटवलं जातं हे दिसतं. सादर केलेल्या नृत्यात ते दिसत नाही.

आणि काही कामं अशी असतात की तिथे बाहेरच्याने कडेला उभं राहूनच बघायचं. पेरूमधल्या अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे. क्वेचुआ या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या चार वस्त्या दरवर्षी जून महिन्यात तो नव्याने विणतात. घराघरांतून वळलेले दोर येतात, त्यांचे जाड दोरखंड होतात, आणि पूल बांधण्याचं कसब ज्या घराण्यांकडे आहे तीच माणसं तो ताणतात. युनेस्कोने 2013 साली या परंपरेची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. तिथे ‘मीही दोन दोर ओढतो’ असं म्हणणं हे सहभागाचं लक्षण नव्हे. आपल्याला कुठे बोलावलंय आणि कुठे नाही हे ओळखता येणं, हेच त्या दिवशी शिकायचं असतं.

रोजच्या पातळीवर मी तीन गोष्टींचा आग्रह धरते. पहिली, रोज सकाळी दीड-दोन तास भाषेचा वर्ग, तिथल्याच शिक्षकाकडून, त्याचे पैसे देऊन. तीन आठवड्यांत भाषा येत नाही, पण नमस्कार, आभार, माफी, ‘मी करू का’ आणि ‘मला नाही समजलं’ एवढं आलं तरी घरातलं वातावरण बदलतं. दुसरी, यजमान कुटुंबात राहणं, आणि त्या कुटुंबाला दर रात्रीचे पैसे किती मिळतात हे तुम्हाला माहीत असणं. तिसरी, दुपार मोकळी ठेवणं. ज्या कार्यक्रमात सकाळी सहा ते रात्री दहा सगळं आखलेलं आहे, तिथे यजमान घरातली आजी तुम्हाला काही दाखवू म्हणेल तर तिच्यासाठी वेळच उरत नाही.

इव्हान इलिच या समाजविचारकांनी 1968 साली मेक्सिकोत सेवेसाठी जाऊ पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केलं होतं. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांचं भलं करायला निघणं हा उद्दामपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातला पहिला भाग पूर्ण पटतो. दुसऱ्या भागाबाबत माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण शिबिरांचा इतिहास आहे. पियेर सेरेसोल या स्विस शांततावादी गृहस्थांनी 1920 साली व्हर्दूनजवळच्या एन या पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच गावात पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसं, त्यांत जर्मनही, एकत्र ढिगारे उपसायला आली. काही महिन्यांनी ते काम थांबवावं लागलं, कारण जर्मनांची उपस्थिती तिथे सगळ्यांना मान्य झाली नाही. पुढे 1934 च्या भूकंपानंतर सेरेसोल काही सहकाऱ्यांसह बिहारमध्ये आले आणि गावं वसवण्याच्या कामात राबले. या परंपरेत शिबिराचा हेतू नुसती भिंत बांधणं हा कधीच नव्हता. खांद्याला खांदा लावून काम करताना माणसं एकमेकांना कळावीत, हा होता, आणि ज्या गावाला ते नको असेल त्याने नको म्हणावं, हेही त्यात होतं. सेरेसोल यांच्या त्या प्रयत्नातून उभी राहिलेली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था आजही दोन-तीन आठवड्यांची शिबिरं भरवते, आणि त्यांत वेगवेगळ्या देशांतले लोक स्थानिक संस्थेसोबत काम करतात. तुमच्या रजेच्या मापात बसणारा सगळ्यात सरळ पर्याय मला हाच वाटतो.

दुसरा पर्याय सेंद्रिय शेतीचा. 1971 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेलं वूफ हे जाळं आज जगभर पसरलंय. शेतकऱ्याकडे दिवसातले काही तास काम करायचं, बदल्यात राहणं आणि जेवण. इथे कुणी कुणाचा उद्धार करत नाही, देवघेव सरळ असते. ‘समाजसेवा’ या अर्थाने ते कमी भरेल, पण शिकणं भरपूर होतं. फक्त व्हिसा नीट बघा.

व्हिसाचं खरोखर मनावर घ्या, कारण ‘पगार नाही म्हणजे काम नाही’ हा समज अनेक देशांत चालत नाही. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागू शकतं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करायची मुभा आहे. नियम बदलत असतात, म्हणून त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी खात्री करून घ्या. ‘विमानतळावर टूरिस्ट म्हणून सांगा’ असं जी संस्था सुचवते ती इतर बाबतींतही अशीच वागत असणार. विम्यात अंगमेहनतीचं काम धरलेलं आहे का आणि हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च धरलाय का हे बघा. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जाणार असाल तर ती किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

पैशांबद्दल एक प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारेलच: विमानाच्या तिकिटाचे पैसे सरळ देणगी म्हणून का देत नाहीस? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. तुमचा एकमेव हेतू मदत हा असेल तर देणगी द्या, ती नक्कीच जास्त कामाची. पण तुम्हाला शिकायचंही आहे, आणि त्या शिकण्याचा खर्च तुम्ही स्वतःसाठी करता आहात हे मनाशी कबूल केलंत की पुष्कळ गोष्टी सुरळीत होतात. मग तुम्ही कृतज्ञतेची अपेक्षा ठेवत नाही, काम कंटाळवाणं निघालं तर रागावत नाही, आणि फोटोत मुलं असलीच पाहिजेत असं वाटत नाही. (फोटोंचा माझा नियम: मुलांचे काढायचेच नाहीत, मोठ्यांचे विचारून, आणि ज्याचा फोटो आहे त्याला दाखवूनच पुढे पाठवायचा. भेटवस्तूही हातोहात वाटायच्या नाहीत, द्यायचं ते शाळेला किंवा समितीला विचारून.)

संस्थेला काय विचारायचं तेही सांगते. माझ्या फीमधले किती पैसे गावात राहतात आणि कुणाकुणाला मिळतात? हे काम कुणी मागितलं, आणि ते मागणाऱ्याशी मला जायच्या आधी बोलता येईल का? स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत हे काम कोण करतं? मी तिथे कुणाच्या हाताखाली असेन आणि त्याला पगार मिळतो का? मागच्या वर्षीच्या तुकडीने सुरू केलेल्या कामाची आज काय स्थिती आहे? चांगल्या संस्था या प्रश्नांनी खूश होतात, आकडे देतात, कधीकधी ‘तुमच्या तारखांना आमच्याकडे काम नाही’ असंही कळवतात. ते उत्तर आलं तर ती संस्था लक्षात ठेवा. आणि ‘तुम्ही कधीही या, हवं ते काम निवडा’ असं उत्तर आलं तर समजून घ्या की तिथलं काम तुमच्यासाठी तयार केलेलं आहे.

हे सगळं करून तुमच्या तारखांना बसणारं काम मिळालंच नाही, असंही होऊ शकतं. तर बिनदिक्कत शिकायलाच जा. कंबोडियाच हवं असेल तर कंबोडियाला जा, एका गावात पंधरा दिवस राहा, स्थानिक शिक्षकाकडे तिथली ख्मेर भाषा शिका, गावातल्या घरात पैसे देऊन राहा, तिथल्याच वाटाड्याबरोबर अंगकोर बघा. तुमचे पैसे तिथल्या कष्टकरी माणसांच्या हातात पोचतात आणि कुठलंही मूल त्यात ओढलं जात नाही.

कंपनीला अजून अनामत भरलेली नसेल तर आज नकार कळवा, आणि कारणही लिहा. गिऱ्हाईक अनाथाश्रमाचे कार्यक्रम नाकारतात हे कळलं की कंपन्या ते बंद करतात, असं घडलेलं आहे. भरलेली असेल तर त्यांच्याकडे मुलांशी संबंध नसलेलं दुसरं काम आहे का ते विचारा आणि वरचे पाचही प्रश्न त्यालाही लावा. शिबिरांकडे वळायचं ठरवलंत तर युरोपीय उन्हाळ्यातल्या (जून ते ऑगस्ट) शिबिरांच्या याद्या साधारण मार्च-एप्रिलमध्ये लागतात आणि चांगल्या जागा लवकर भरतात. म्हणून रजेच्या तारखा आधी पक्क्या करू नका. दोन-तीन शिबिरं निवडून त्यांच्या समन्वयकांना लिहा, गावाला माणसं कोणत्या आठवड्यात हवी आहेत ते कळू द्या, आणि मग साहेबांकडे त्या आठवड्यांची रजा मागा.